शेपूट पुढं, मास्तर मागं

हे बघा, हा किस्सा मी सांगितला नाही तर आमची शोभा सांगते. आणि ती सांगते तेव्हा त्यात मी जरा जास्तच येडा दिसतो. म्हणून म्हणलं, आपणच सांगून मोकळं व्हावं. चहा घ्या, घ्या. आणि हसायचं असलं तर एकदाच शेवटी हसा, मधे मधे हसलात तर माझं तोंड बंद पडतंय.

मी विज्ञानाचा मास्तर. गंगाखेडच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं लगेच फोन करतात. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि शोभा मराठी शिकवते. म्हणजे दिवसभर एका शाळेत, रात्री एका घरात. सुटका कुठंच नाही. हे तिचं वाक्य आहे, माझं नाही!

आता मला एक नाद आहे. विमानांचा. तोही साध्या विमानांचा नाही बरं का. साधं विमान काय, कुणीबी बघतंय. मला नाद आहे तऱ्हेवाईक विमानांचा! जगात लोकांनी काय काय उडवून बघितलंय, तुमाला कल्पना नाही. एका गड्यानं अरुंद अरुंद पंख खिडकीच्या पट्ट्यांसारखे एकावर एक रचले. का, तर एका पंखानं उडतंय तर वीस पंखांनी किती उडंल! ते उडालं म्हणजे काय, बेडकासारखी उडी मारली आणि बसलं. दुसऱ्या एकानं थालीपीठासारखं गोल विमान केलं. लोक म्हणले, हे काय उडतंय? आणि ते मस्त उडालं. जर्मनीत एकानं वैमानिकाला मधे बसवलंच नाही. इंजिन एकीकडं, वैमानिकाची खोली दुसरीकडं, शेपटीला एकच कान. बघणाऱ्याला वाटावं, ह्याचा अर्धा भाग कुठंतरी गळून पडलाय. तेबी उडालं! एक तर असं होतं की शेपटीवर उभं राहायचं, सरळ वर जायचं, आणि उतरताना वैमानिकानं मान वळवून मागं बघत बघत परत शेपटीवरच टेकायचं. आमाला इथं स्कूटर रिव्हर्स घेता येत नाही.

मला ही माणसं लय आवडतात. सगळं गाव हसायलंय, बायको हसायलीय, तरी हा बाबा खिळे ठोकायलाय. खरं सांगतो, त्यांची चित्रं बघताना माझा ऊर भरून येतो.

आणि नुसती चित्रं बघून भागतंय का? मी थर्माकोलची, हलक्या लाकडाची तसली विमानं करायला लागलो. छोटी मोटर, छोटी बॅटरी, हातात रिमोट. एक हॉलच्या पंख्याच्या कडीला, दोन कपाटावर, एक टीव्हीच्या मागं. थालीपीठवालं विमान ठेवायला जागा नव्हती म्हणून देवघरावर ठेवलं. त्या दिवशी शोभा बोलली.

"अहो, ह्या घरात माणसं दोन आणि विमानं अकरा. ह्यांना कुठं तरी खोली बघा, न्हाईतर मला बघा."

खोली होती. शाळेच्या टोकाला, पश्चिमेकडची. मोडकी बाकडी, जुने फलक, एक फुटका माठ. त्या खोलीवर माझा चार वर्षांपासून डोळा होता. घरची विमानं ठेवायला, हे तर आहेच. पण मला तिथं पोरापोरींना हाताला काम द्यायचं होतं. आमची पोरं पुस्तकातून विमानाची आकृती काढतात, भागांना नावं देतात, पाच पैकी पाच घेतात. आणि कातर धरून पंख कापायला सांगितला की रडायला येतात. एक खोली मिळाली असती तर हे बदललं असतं, असं मला अजूनबी वाटतं.

खोली द्यायची कुणी? संस्थेचे सचिव दादासाहेब यांनी. पांढरे कपडे, पांढरी गाडी, माणूस दिलदार. पण त्यांच्या मनात त्या खोलीत मंडपाचं सामान ठेवायचं होतं. मी गेलो आणि विषय काढला.

"सर," ते म्हणले, "खोली मागनारे लय हायेत. तुमी एक करा. शनवारी पालकांचा मेळावा हाय. सगळ्यांसमोर विमान उडवून दावा. उडालं, खोली तुमची. न्हाई उडालं, तर मंडप. चालतंय?"

चालतंय म्हणलो. न चालून सांगतो कुणाला?

आता उडवायचं कोणतं? साधं उडवलं असतं तर आज हा चहा आपण गुमान पीत बसलो असतो. पण माझं डोकं! मी निवडलं उलटं विमान. म्हणजे शेपटीचे छोटे पंख पुढं नाकाजवळ, मोठे पंख मागं, आणि पंखा बुडाला. जगातली पहिली काही विमानं अशीच होती, आणि मधेमधे कुणाला तरी परत तीच लहर येते. आमचे शिपाई गफूरमामू आहेत, त्यांनी ते चारी बाजूनं फिरून बघितलं.

"सर, ह्याचं तोंड कुनीकडं हाय?"

"हे इकडं, मामू."

"आन् जानार कुनीकडं?"

"इकडंच की!"

"बरं," मामू म्हणले, आणि तरीबी ते मागच्या बाजूनं लांब उभे राहिले.

महिनाभर ते विमान पडत होतं. रोज संध्याकाळी मैदानावर न्यायचं, सोडायचं, ते नाक वर करायचं, हवेत थबकायचं आणि धाडकन बुडावर यायचं. तुमी म्हणाल, मास्तर, तोल बघितला नाही का? अहो, बघितला की! वहीत सगळं गणित मांडलं होतं. कागदावर तोल अगदी बरोबर होता. पण मोटर बुडाला, डिंकाचे लपके बुडाला, दर पडझडीनंतर चिकटपट्टी बुडाला. वहीत हे कुठं लिहिलेलं होतं! पण स्वतःच्या गणितावर शंका घेणारा मास्तर तुमी बघितलाय का? मी पुढच्या पंखाचा तिरपेपणा बदलत बसलो. आज एवढा, उद्या तेवढा.

आणि मेळाव्याच्या आधीच्या रविवारी चमत्कार झाला. पुढच्या पंखाखाली मी काडेपेटीच्या एका काडीएवढी पट्टी घातली होती. विमान सोडलं, आणि ते गेलं! सरळ गेलं, वळलं, मैदानाला तीन चकरा मारल्या, आणि माझ्या पायाशी येऊन बसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. खोटं कशाला बोलू.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि फळ्यावर आकृती काढून सगळ्यांना सांगितलं की एका काडीनं कसा फरक पडतो. अर्धा तास. शोभा कोपऱ्यात वह्या तपासत बसली होती. ती एकदा माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, कौतुकानं.

आता माझी अजून एक ओळख सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत अंधश्रद्धेवर बोलणारा मीच. दर वर्षी सुरीला औषध लावून लिंबातून रक्त काढून दाखवतो. नारळ पेटवतो. लिंबू-मिरची दिसली की माझी जीभ सुटते. हे सगळ्या तालुक्याला माहीत. माझ्या बायकोला तर जास्तच.

शनिवार उजाडला. सकाळची शाळा. मैदानात मंडप, दोनेकशे पालक, पलीकडं पोह्यांचं मोठं पातेलं. दादासाहेबांची पांढरी गाडी मंडपाला टेकूनच उभी. दादासाहेबांना बाराला गंगाखेडात लग्न होतं, त्यामुळं सारखं घड्याळ बघणं चालू. मी टेबलावर विमान ठेवलं. दादासाहेब उठून जवळ आले.

"ह्याचं इंजन ह्या टोकाला आसंल की?" त्यांनी नाकावर टिचकी मारली.

"नाही दादासाहेब! हीच तर गंमत आहे. इंजिन मागं. नाक पार मोकळं आहे. बघा!"

आणि मी जादूगारासारखं नाकाचं टोपण काढलं.

आत लिंबू.

लिंबू, सात हिरव्या मिरच्या आणि एक बिब्बा. काळ्या दोऱ्यात ओवून, नाकाच्या अगदी टोकाला तारेच्या आकड्यात नीट अडकवलेलं. ताजं. त्याच दिवशी सकाळचं.

मंडपात मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, सरांनीबी बांधलंय!" आणि जे हसू फुटलं, काय विचारता!

मी शोभाकडं बघितलं. ती पदराचं टोक नीट करत होती. मला सगळं कळलं. डोक्यात तिडीक गेली. ती तिडीक तिथंच गिळली असती तर बरं झालं असतं. पण समोर माईक होता! मास्तरच्या समोर माईक ठेवू नये.

मी लिंबू दोऱ्याला धरून वर केलं आणि सुरू झालो. विमान कशानं उडतं? हवेच्या दाबानं! लिंबानं उडतं का? ज्यांनी गोल विमानं उडवली, एका कानाची विमानं उडवली, त्यांनी मिरच्या बांधल्या होत्या का? आपण एकविसाव्या शतकात आहोत आणि काही लोक अजून आपल्या गाड्यांना लिंबं लटकवून हिंडायलेत, त्यांची कीव करावी वाटते! असं मी दहा मिनिटं बोललो. गफूरमामू दूरवरून मला हातानं खुणावत होते, मागं बघा, मागं बघा. मी बघितलं नाही. बोलण्याच्या भरात कोण बघतंय?

माझ्या पाठीमागं दादासाहेबांची गाडी होती. तिच्या पुढच्या पट्टीला लिंबू-मिरची. चांगलं लिंबोणीतलं सगळ्यात मोठं लिंबू.

"सर," दादासाहेब शांतपणे म्हणले, "कीव झाली आसंल तर उडवा."

मी ते लिंबू भिंतीपलीकडं रस्त्यावर भिरकावलं. पालकांत कुजबुज झाली. असलं काढलेलं लिंबू कुणी ओलांडत नाही, आता रस्ता अडला ना! दोन म्हातारे घरी जायचे थांबले. मी विमान हातात धरलं, मोटर चालू केली आणि सोडलं.

तुमी मघाशीच ओळखलं असंल. मी ओळखलं नव्हतं.

विमानानं नाक वर केलं. सरळ वर. ते शेपटीवर उभं राहणारं विमान सांगितलं ना, तसं उभं राहिलं. थबकलं. आणि मागं मागं घसरत येऊन मंडपाच्या कापडावर पडलं, तिथून लोळत दादासाहेबांच्या मांडीत.

"आलं की परत," दादासाहेब म्हणले.

"वारा आहे जरा," मी म्हणलो. झाडाचं पान हलत नव्हतं.

मी पुढच्या पंखाखाली अजून एक काडी घातली. माझा शोध होता ना तो! परत सोडलं. ह्या वेळेला ते आणखी जोरात उभं राहिलं, एक गिरकी घेतली आणि पोह्यांच्या पातेल्यात. शेंगदाणे उडाले, एका पाहुण्याच्या टोपीवर कढीपत्ता. आठवीची सगळी पोरं एका सुरात ओरडली, "सर, लिंबू! सर, लिंबू!"

"गप्प बसा!" मी ओरडलो.

विमान पुसता पुसता मी सहज दोन बोटांवर तोलून बघितलं. धप्पकन बुड खाली गेलं. परत तोललं. परत बुड खाली. रविवारी हेच विमान बोटांवर सरळ उभं होतं. रविवारी नाकात काय होतं?

काडी नव्हती हो. काडीचा काही संबंधच नव्हता! महिनाभर मला जे नाकात वजन पाहिजे होतं, ते बायकोनं आदल्या शनिवारी गुपचूप आणून बरोब्बर जागेवर अडकवलं होतं, आणि आज सकाळी बदलून ताजं लावलं होतं. आणि मी पेढे वाटले होते!

मग वजन घालायची धडपड. खडूचे तुकडे भरले, ते हलवलं की मागं सरकायचे. मैदानातले खडे भरले, ते पंखाच्या फटीतून बाहेर. दादासाहेब उठले, घड्याळ बघितलं. "ऱ्हाऊ द्या सर. हुतंय आसं. मामू, उद्या मंडपाचं सामान त्या खोलीत टाकून घ्या."

खोली चालली होती. माझ्या डोळ्यांसमोर. चार वर्षं वाट बघितलेली खोली.

शोभा जवळ आली. हळूच म्हणाली, "लिंबू बसवा की."

"ते रस्त्यावर फेकलं मी."

"त्याला आता कोन हात लावतंय? आन् त्याच्यावरून मघाशी ट्रॅक्टर गेला."

"मग?"

तिनं नुसतं मान वळवून दादासाहेबांच्या गाडीकडं बघितलं. मीबी बघितलं. आता सांगा, माझ्या जागी तुमी काय केलं असतं? अर्ध्या तासापूर्वी ज्याची कीव केली त्याच्यापुढं जाऊन...

गेलो. लाज गुंडाळून खिशात घातली आणि गेलो.

"दादासाहेब, एक विनंती होती. तुमच्या गाडीचं लिंबू देता का?"

माईक चालूच होता. सगळ्या मंडपानं ऐकलं.

दादासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. स्वतः जाऊन लिंबू सोडून आणलं. मी म्हणलो, "गैरसमज नको, हे फक्त वजन म्हणून आहे! गुरुत्वमध्य पुढं आला की..."

"हो हो," दादासाहेब म्हणले, "बांधा तुमी. आमी समजलो."

"नाही, लिंबूच पाहिजे असं नाही, बटाटाबी चालतो!"

"बटाट्याला कुठं गुन आसतोय, सर?" मागून एक म्हातारा म्हणला आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

बांधायला गेलो तर आकडा सापडंना. शोभानं माझ्या हातून दोरा घेतला, एका झटक्यात अडकवला, एक मिरची जास्त होती ती काढून टाकली, आणि विमान माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आता सोडा."

सोडलं.

काय सांगू, काय उडालं ते! मंडपावरून, शाळेवरून, पिंपळावरून, उसाच्या फडावरून वळून परत. शेपूट पुढं, पंख मागं, आणि उन्हात थर्माकोल पांढरं फक्क. पोरं मैदानभर खालून पळत होती. गफूरमामू तेवढे टाळ्या वाजवत वाजवत विमानाच्या पुढून धावले, पहिल्यांदाच. ते विमान हळूच उतरून शोभाच्या पायाशी थांबलं. माझ्या नाही, तिच्या. आता ह्याला वारा म्हणायचं का काय म्हणायचं!

दादासाहेबांनी माईक घेतला. म्हणले, "आज सरांनी प्रयोग करून दावला. लिंबू काढून दोन डाव, लिंबू बांधून एक डाव. ह्याला म्हनत्यात विज्ञान!" टाळ्या थांबंनात. मी मधे दोनदा हात वर केला. कुणी बघितलं नाही. त्या दिवसापासून आमच्या गावात ज्यांच्या गाडीला लिंबू नव्हतं त्यांनीबी बांधलं. विचारलं तर सांगतात, सरांनी शाळेत सिद्ध केलंय. वीस वर्षं मी जे पुसत आलो, ते एका सकाळी, पुराव्यासकट, कायमचं लिहून ठेवलं.

पण दादासाहेब शब्दाचे पक्के. खोली दिली! सोमवारी संस्थेचा लेखी आदेश आला, शिक्क्यासकट. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतला. पश्चिमेकडील खोली विमान विभागास देण्यात येत आहे. विभागप्रमुख, सौ. शोभा मॅडम. आणि खाली, मदतनीस म्हणून माझं नाव.

मी दादासाहेबांना फोन केला. ते म्हणले, "सर, इमान कुनी उडवलं हे समद्या गावानं बघितलंय. आमी अन्याय करत नसतो."

आता दर शनिवारी शाळा सुटली की तिथं तीस पोरंपोरी येतात. कातर धरतात, पंख कापतात, कुणी आता रडत नाही. मी डिंक लावतो, केर काढतो. हजेरी प्रमुखांकडं. मागच्या शनिवारी हजेरीत बघितलं तर माझ्या नावापुढं लाल शाईनं लिहिलेलं, "मदतनीस दहा मिनिटे उशिरा."

अहो, आमी दोघं एकाच स्कूटरवर आलो होतो! चालवत मी होतो, ती माझ्या मागं बसली होती!